अकरा लाल पाकिटे आणि भाकरीचा तवा

जुळे सोलापुरातील एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र आले आहे. त्याचा सारांश शक्यतो त्यांच्याच शब्दांत देते.

‘माझे वय त्रेसष्ट आहे. यजमान टपाल खात्यातून निवृत्त झाले. मुलगा आणि सून चौदा वर्षे न्यू जर्सीत राहून मागच्या वर्षी कायमचे सोलापुरात आले. त्यांच्या सामानात भांड्यांची तीन खोकी होती. माझ्या स्वयंपाकघरात सासूबाईंच्या वेळचे पितळेचे हंडे, पातेली, परात, जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी आणि भाकरीचा लोखंडी तवा आहे. सुनेला तो तवा गंजका आणि अस्वच्छ वाटतो. तिने पितळेची भांडी मोडीत घालण्यासाठी भाव काढून आणला. इकडे तिचा नॉनस्टिक तवा आमच्या कामवालीने माझ्या सांगण्यावरून तारेच्या घासणीने घासला आणि त्याचा काळा थर निघाला. सून एक शब्द बोलली नाही; तवा उचलून तिने आपल्या खोलीत नेऊन ठेवला. तेव्हापासून आम्ही दोघी एकाच ओट्यावर दोन वेगळे स्वयंपाक करतो आहोत. दुसरी गोष्ट यजमानांची. खोक्यांत लाल कागदी पाकिटांतल्या अकरा डीव्हीडी निघाल्या. त्या भाड्याने आणलेल्या होत्या असे मुलगा सांगतो आणि हसण्यावारी नेतो. यजमानांचे म्हणणे असे, की पाकिटावर परतीचा पत्ता छापलेला असताना ती घरात ठेवणे म्हणजे दुसऱ्याची वस्तू दाबून ठेवणे होय. ती पाठवायची कशी? आणि भिशीतल्या मैत्रिणी म्हणतात, वीस-वीस रुपये घेऊन सगळ्यांना पाहायला द्या. तसे केले तर चालेल का?’

सप्रेम नमस्कार.

आपण तव्याचा विषय आधी आणि पाकिटांचा नंतर मांडला आहे. मी क्रम उलटा घेते, कारण ज्या माणसाने सारा जन्म लोकांची पत्रे ज्याची त्याला पोहोचवली, त्याला घरात अकरा परकी पाकिटे असताना झोप लागणार नाही हे मला समजते.

यजमानांना सांगावे, की त्या डीव्हीडी आता आपल्या मुलाच्याच आहेत. आज ज्या नेटफ्लिक्सचे चित्रपट आपण दूरचित्रवाणीवर थेट पाहतो, त्याच कंपनीची ही लाल पाकिटे दिसतात आणि तिचा मूळ धंदा टपालाने डीव्हीडी भाड्याने देण्याचा होता. रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ यांनी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात ती काढली, १९९८ मध्ये पहिली डीव्हीडी टपालाने रवाना झाली आणि २००७ मध्ये इंटरनेटवरून चित्रपट दाखवणे सुरू झाल्यावरही टपालाची सेवा पुढे सोळा वर्षे चालू राहिली. २९ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची पाकिटे पाठवून ती बंद करण्यात आली आणि त्या वेळी ज्यांच्या घरी डीव्हीडी होत्या त्यांना त्या ठेवून घेण्याची मुभा कंपनीनेच दिली. इतकेच काय, ज्यांनी तयारी दाखवली होती त्यांच्यापैकी काही ग्राहकांना निरोपादाखल दहापर्यंत जादा डीव्हीडी पाठवण्यात आल्या. आपल्याकडचा अकराचा आकडा बहुधा असाच झाला असावा. परतीच्या पाकिटावरचे टपालही आगाऊ भरलेले असले तरी ते अमेरिकेपुरतेच असते. आपल्या मुख्य टपाल कार्यालयातून ते पाकीट त्या छपाईच्या जोरावर जाणार नाही, हे यजमान माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने सांगतील.

त्यांना एक गोष्ट मात्र जरूर दाखवावी, कारण तिच्यात त्यांच्याच खात्याचे कौतुक आहे. व्हिडिओ कॅसेट जाड आणि जड. ती टपालाने पाठवायची तर भाड्यापेक्षा टपालखर्च जास्त व्हायचा. डीव्हीडी आली आणि तिचे वजन भरले जेमतेम १६ ग्रॅम. अमेरिकेत साध्या पत्राच्या पहिल्या टप्प्याची मर्यादा एक औंसाची, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमची आहे. त्यामुळे कागदी पाकिटासकट ती डीव्हीडी चक्क पत्राच्या दरात जाऊ लागली. धंदा उभा राहील की नाही हे पाहण्यासाठी त्या दोघांनी आधी एक साधी सीडी पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर टाकली होती. ती दुसऱ्या दिवशी न फुटता पोहोचली आणि मगच पुढचा विचार झाला. म्हणजे सगळी इमारत उभी राहिली ती पोस्टमनच्या भरवशावर.

या सेवेची रीत आपल्याला ठाऊक असलेल्या भाड्याच्या रीतीपेक्षा वेगळी होती आणि ती मी जरा सविस्तर सांगते, कारण तिचा उपयोग पुढे स्वयंपाकघरात करायचा आहे. सोलापुरात ऐंशीच्या दशकात आपण व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणत असू. अनामत ठेवायची, तीन-चार कॅसेट घ्यायच्या, गल्लीतली पोरेसोरे सतरंजीवर बसवायची आणि भाडे वसूल व्हावे म्हणून पहाटेपर्यंत डोळे ताणून सगळे पाहायचे, कारण सकाळी उशीर झाला की दुसऱ्या दिवसाचे भाडे पडे. (आमच्या घरी एकदा कॅसेटची फीत यंत्रात अडकली आणि वडिलांची अनामत गेली, त्यानंतर वर्षभर घरात व्हीसीआरचे नाव काढायची सोय नव्हती.) टपालाच्या सेवेत उशिराचा दंड नव्हता. महिन्याची ठराविक वर्गणी भरायची, पाहायच्या चित्रपटांची लांबलचक यादी करून ठेवायची आणि घरी मात्र एका वेळी ठरलेल्या संख्येइतक्याच, समजा तीनच, डीव्हीडी राहायच्या. त्या वर्षभर ठेवल्या तरी कोणी विचारत नसे. पण यादीतली चौथी हवी असेल तर आधीच्या तिघींपैकी एक परत गेली पाहिजे. आपली सून ही शिस्त वर्षानुवर्षे पाळत आली असणार.

आता तव्याकडे येते. आधी जे टोचेल तेच सांगते, म्हणजे पुढचे नीट ऐकले जाईल. तारेच्या घासणीची चूक आपली होती. कामवालीने घासले खरे, पण आपल्या सांगण्यावरून, असे आपणच लिहिले आहे. सुनेला आपण आजवर तसे म्हटलेले दिसत नाही. न भांडता तवा खोलीत नेऊन ठेवणारी सून उद्धट नसते. आपली वस्तू या घरात सुरक्षित नाही एवढाच निष्कर्ष तिने काढला आहे आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. ‘मला माहीत नव्हते, माझ्या सांगण्याने तुझा तवा खराब झाला,’ हे एक वाक्य तिच्याशी बोलावे आणि तसाच नवा तवा स्वतःच्या पैशाने आणून द्यावा. जुना थर निघालेला तवा पुन्हा वापरात घेऊ नये. त्याचा एखादा कण पोटात गेला तरी तो पचत नाही, शरीराबाहेर पडतो, तेव्हा भिण्याचे कारण नाही. पण थर गेलेल्या जागी अन्न चिकटते, ते खरवडले जाते आणि उरलेला थरही निघत राहतो.

मात्र तो नवा तवा भाकरीसाठी नाही, हे सुनेनेही समजून घ्यायला हवे आणि येथे मी निःसंशय आपल्या बाजूची आहे. नॉनस्टिक भांड्यावर जो थर असतो तो टेफ्लॉन या नावाने लोकांना माहीत आहे. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला तो पदार्थ दुसरेच काही शोधताना सापडला आणि १९५० च्या दशकात मार्क ग्रेग्वार या फ्रेंच अभियंत्याने तो ॲल्युमिनियमच्या भांड्याला चिकटवण्याची युक्ती काढली. या थराला तापमानाची मर्यादा आहे. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे तो बिघडू लागतो आणि त्याहून खूप तापला तर त्यातून निघणारा धूर माणसाला तापासारखा त्रास देऊ शकतो. पिंजऱ्यातले पक्षी तर त्या धुराने मरतात. घरात पोपट असेल तर ही गोष्ट गमतीची नाही. डाळ, भाजी, अंडे शिजत असताना भांड्यात पाणी किंवा तेल असते, त्यामुळे तापमान आटोक्यात राहते. भाकरीचे तसे नाही. भाकरीला तवा कोरडा, रिकामा आणि सणसणीत तापलेला लागतो. एक भाकरी उतरवून दुसरी थापून होईपर्यंत तो मोठ्या आचेवर तसाच उभा असतो. रिकामा नॉनस्टिक तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच आपली मर्यादा ओलांडतो. माझ्या स्वतःच्या लग्नात आलेला असा एक तवा मी मालदांडी ज्वारीच्या भाकऱ्यांना लावला होता. चौथ्या महिन्यात त्याच्या मधोमध भाकरीएवढा पांढुरका चट्टा उमटला आणि सासूबाई मला काहीच न बोलता आतून लोखंडी तवा घेऊन आल्या.

सुनेच्या मनात त्या थराविषयी रसायनांची म्हणून जी भीती असेल किंवा उद्या एखादा निरोप वाचून आपल्याला जी वाटेल, ती बहुतेक जुन्या काळातली आहे. हा थर तयार करताना पूर्वी पीएफओए नावाचे एक घातक रसायन वापरत. अमेरिकेतील मोठ्या उत्पादकांनी २००६ मध्ये ते सोडण्याचे मान्य केले आणि २०१५ पर्यंत सोडलेही. तेव्हा आच मध्यम, उलथने लाकडी आणि घासणी मऊ असेल तर नॉनस्टिक तवा धपाटे, धिरडी आणि ऑम्लेट यांसाठी उत्तम आहे. तेल कमी लागते आणि सुनेला त्यावर हात बसलेला आहे.

लोखंडी तवा गंजका आहे ही सुनेची तक्रारही खोटी नाही. गंज दिसत असेल तर तो काढलाच पाहिजे. तारेची घासणी येथे खुशाल वापरावी. ती याच तव्यासाठी जन्माला आली आहे. तवा घासून, धुऊन लगेच गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करावा, गरम असतानाच शेंगदाण्याच्या तेलाचा अगदी पुसट हात सुती फडक्याने फिरवावा आणि धूर निघेपर्यंत तापवून थंड होऊ द्यावा. तीन-चार वेळा असे केले की तेल लोखंडावर जळून त्याचा एक काळा, गुळगुळीत, घट्ट थर बसतो. मळ वाटतो तो हाच थर आणि सून ज्या नॉनस्टिकसाठी पैसे मोजते त्याचा हा घरगुती भाऊ आहे. फरक इतकाच, की गेला तर पुन्हा चढवता येतो. हे काम सुनेच्या देखत, किंबहुना तिच्या हातून करावे. अस्वच्छ वाटणारी वस्तू आपल्या हाताने तयार केली की तिच्याकडे पाहण्याची नजर बदलते. तवा धुऊन ओला ठेवायचा नाही आणि त्यावर चिंचेची किंवा टोमॅटोची आमटी गरम करायची नाही, कारण आंबट पदार्थ तो थर खातो. लोखंडी कढईत भाजी केली तर अन्नात थोडे लोह उतरते, ते चांगलेच. मात्र भाजी त्यातच रात्रभर ठेवली की काळी पडते आणि तोंडाला धातूची चव येते. शक्य असेल तर भाकरीचा आणि धपाट्याचा तवा वेगळा असावा. रोज कोरडे पीठ भाजलेल्या तव्यावर धपाटे धरून बसतात, हे आपल्याला मी सांगायला नको.

पितळेच्या बाबतीत माझा निवाडा थोडा वेगळा आहे. मोडीत घालू नये, पण सगळे स्वयंपाकातही ठेवू नये. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आंबट पदार्थ त्याला लागला की हिरवट-निळसर कळंक येतो आणि तो पोटात जाणे वाईट. म्हणूनच आपल्या आज्या आतून कल्हई करून घेत. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ लेप. भांडे तापवून, नवसागराने साफ करून त्यावर कथील फिरवतात. हे कथील २३२ अंशांना वितळते. त्यामुळे कल्हईचे पातेले रिकामे आचेवर ठेवू नये, त्यात काही कोरडे भाजू नये आणि तारेने घासू नये. आतून पिवळे किंवा तांबूस दिसू लागले की कल्हई संपली असे समजावे आणि ती पुन्हा होईपर्यंत त्यात शिजवणे बंद ठेवावे. कल्हईवाला आता गल्लीत आरोळी देत फिरताना क्वचितच दिसतो, पण जुन्या भांड्यांच्या दुकानात विचारले तर त्याचा ठावठिकाणा कळतो. दोन पातेल्यांना कल्हई करून घ्यावी, एक डाळीसाठी आणि एक खिरीसाठी. बाकीची पातेली तूर्त वर ठेवावीत. हंड्यांचा प्रश्न तर आपल्या शहराने सोडवलेलाच आहे. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात घासूनपुसून ठेवलेले दोन हंडे मोडीत घालणे आणि प्लास्टिकचे पिंप विकत आणणे यात कसले शहाणपण आहे, हे सुनेला भाव काढून आणताना सुचले नसावे. तिने सोलापूरचा उन्हाळा अजून एकदाच पाहिला आहे. नुसते साधे पाणी पितळेत ठेवायला हरकत नाही. ताक, लिंबूसरबत, लोणचे यांना मात्र त्यात जागा नाही. ज्या भांड्यांवर नावे कोरलेली आहेत ती वजनावर देऊ नयेत. मोडीत नावाचे पैसे मिळत नाहीत.

मोडीत द्यायचेच असेल तर जर्मनमधून द्यावे. पातळ, पोचे पडलेले, बुडाला खड्डे आलेले जर्मनचे पातेले कोणाच्याच कामाचे नाही. ते खड्डे चिंचेच्या आमटीने आणि ताकाच्या कढीने पाडलेले असतात, कारण आंबट पदार्थ ॲल्युमिनियमही विरघळवतो. निरोगी माणसाला एवढ्याने अपाय होत नाही, तरी घरात कोणाला मूत्रपिंडाचा विकार असेल तर ही भांडी स्वयंपाकातून काढलेलीच बरी. शेंगा उकडायला आणि पाणी तापवायला एक मोठे पातेले ठेवावे, बाकीचे जाऊ द्यावे. सासूबाईंची वस्तू गेली म्हणून वाईट वाटेल. पण आपण एक दिले आहे हे सुनेला दिसेल आणि तेही कामाचे आहे.

तीन खोक्यांतल्या अमेरिकन भांड्यांकडे मात्र आपण अजून नीट पाहिलेलेच नाही असे पत्रावरून वाटते. त्यांत एखादे जाडजूड, आतून पांढरट लुकण म्हणजे एनॅमल चढवलेले झाकणाचे बिडाचे भांडे असेल, तर ते घरातले सर्वांत गुणी भांडे समजावे. बीड असूनही लुकणामुळे त्याला चिंच लागत नाही, उष्णता सर्वत्र सारखी पसरते आणि मंद आचेवर तासभर ठेवले तरी तळाला धरत नाही. हुलग्याचे माडगे त्यात करून पाहावे. तापलेल्या भांड्यात एकदम गार पाणी ओतू नये, लुकण तडकते. दोन-तीन थरांच्या बुडाची स्टीलची पातेली असतील तर तीही चांगली. ती आपल्या गॅसवर चालतात आणि बुडाला लोहचुंबक चिकटत असेल तर इंडक्शनवरही चालतील. पितळ आणि जर्मन इंडक्शनवर चालत नाहीत. बारा इंची प्रचंड पसरट तवे असतील तर त्यांचा येथे तितका उपयोग होणार नाही, कारण आपल्या गॅसचा बर्नर लहान असतो. मध्ये जळते आणि कडेला कच्चे राहते. वाटणाचे यंत्र किंवा टोस्टर आणले असेल तर ते तिकडच्या १२० व्होल्टचे आहे. येथील २३० व्होल्टला थेट लावले की ते त्याच क्षणी कामातून जाईल. (शेंगाचटणी यंत्रात करावी की कुटावी हा वाद या घरात आत्ताच काढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कुटल्याने तेल सुटते, हे माझे मत मी या कंसात ठेवते.)

एवढ्या सगळ्या भांड्यांना एक ओटा पुरणार नाही, हा खरा पेच आहे आणि त्यासाठी मी ती टपालाची रीत सविस्तर सांगितली. ओट्याजवळच्या मांडणीत बारा भांडी ठेवायची असे ठरवावे. सहा आपण निवडावीत, सहा सुनेने. निवडताना भांडे कोणाचे हे पाहू नये. त्यात आठवड्यातून काय शिजते एवढेच विचारावे. भाकरीचा तवा राहील, धपाट्यांसाठी नॉनस्टिक राहील, कुकर राहील, ते बिडाचे भांडे राहील. बाकीची सगळी भांडी, पितळेची काय आणि न्यू जर्सीची काय, माळ्यावर यादीत थांबतील. तेरावे भांडे खाली हवे असेल तर बारांपैकी एक वर गेले पाहिजे. दंड नाही, मुदत नाही. कोणाला कधीही काही मागता येईल, फक्त बदल्यात काही परत ठेवायचे. सुनेला हे समजावून सांगावे लागणार नाही; ऐकताच तिला हसू येईल असा माझा अंदाज आहे. आपल्यालाही ते नवे वाटू नये. पूर्वी लग्नकार्याला समाजाची मोठी भांडी आणत आणि काम झाले की घासून, मोजून परत करत, तेव्हा कोणाला ती आपल्या घरात कायमची असावीत असे वाटत नसे.

या व्यवहाराची वही यजमानांकडे द्यावी. आवक-जावक नोंदण्याची सवय असलेला माणूस घरात आहे आणि गेले वर्षभर तो अकरा पाकिटांची काळजी करत बसला आहे. कोणते भांडे कोणत्या तारखेला खाली आले, कशासाठी आले आणि कधी वर गेले, एवढे त्यांनी लिहावे. वेळ अमावस्येला भज्जीसाठी, म्हणजे त्या दिवशीच्या मिश्र भाजीसाठी, मोठे पातेले उतरेल. आंबील मात्र आंबट असते, तिच्यासाठी मातीचे किंवा स्टीलचेच भांडे उतरवावे, पितळेचे नाही. संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत पाहुणे आले की परात आणि मोठे तपेले खाली येईल. वर्ष सरल्यावर ज्या भांड्याच्या नावापुढे एकही नोंद नसेल, त्याचे काय करायचे ते दोघींनी मिळून ठरवावे. त्या वेळी सुनेच्या वॉफलच्या साच्यापुढे नोंद नसेल आणि आपल्या पितळी पातेल्यापुढेही नसेल, तर दोघींनाही एकेक वस्तू सोडता येईल. आज भाव काढून आणण्याची घाई जी झाली, ती कोणती वस्तू लागते आणि कोणती लागत नाही याचा कोणाकडेच हिशेब नव्हता म्हणून झाली.

माळ्याच्या नियमाला एक अपवाद करावा. डीव्हीडी वर टाकू नयेत. आपल्याकडे मे महिन्यात स्लॅबखालचा माळा भट्टीसारखा तापतो आणि त्या उष्णतेने प्लास्टिकची चकती वाकू शकते. सावलीतल्या कपाटात त्या उभ्या ठेवाव्यात. पुसायची वेळ आली तर मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल फिरवू नये. गोल ओरखडा यंत्राला वाचता येत नाही, आडवा छोटा ओरखडा बहुधा चालून जातो. कामवालीला ही सूचना आधीच द्यावी, एवढे मी आता सुचवू शकते.

त्या लावून पाहिल्या आणि चालल्या नाहीत तर यंत्र बिघडले असे समजू नये. चित्रपटांच्या डीव्हीडींवर बहुधा प्रदेशाचा क्रमांक घातलेला असतो. अमेरिकेचा क्रमांक एक, भारताचा पाच. येथे विकत घेतलेले यंत्र एक क्रमांकाची डीव्हीडी नाकारू शकते. तिकडून मुलाने यंत्रही आणले असेल तर त्यावर चालतील, पण त्याच्याही व्होल्टचा विचार करावा. संगणकाला बाहेरून जोडायचा डीव्हीडी वाचक मिळतो, त्यात प्रदेश बदलता येतो. पण साधारणपणे पाचच वेळा, पाचव्यानंतर तो शेवटच्या प्रदेशावर कायमचा अडकतो. तेव्हा वाचक एक क्रमांकावर लावून या अकरा डीव्हीडींसाठीच राखून ठेवावा.

भिशीच्या मैत्रिणींना वीस रुपयांत देण्याचा विचार सोडून द्यावा. चित्रपटाची प्रत व्यापारी भाड्याने देण्याचा हक्क आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने चित्रपटाच्या हक्कधारकाला दिलेला आहे. डीव्हीडी आपल्या मालकीची झाली म्हणून तो हक्क आपल्याकडे येत नाही. एखाद्या मैत्रिणीला बिनपैशाने पाहायला दिली तर गोष्ट वेगळी. पण प्रदेशाच्या क्रमांकामुळे ती तिच्या घरच्या यंत्रावर बहुधा चालणार नाही आणि आपल्यालाच दोष येईल, तेव्हा तेही आपण टाळावे असे मला वाटते.

राहता राहिली एक गोष्ट. अनेक ग्राहकांच्या यादीत कितीतरी नावे असत आणि सेवा बंद झाली तेव्हा त्या याद्या अपुऱ्याच राहिल्या. सुनेला विचारावे, की त्या अकरांमधली कोणती तिने स्वतः मागवली होती आणि कोणती अजून पाहायची राहिली आहे. ती सांगेल ती एखाद्या शनिवारी रात्री सगळ्यांनी मिळून लावावी. त्या दिवशी जेवायला आधीच करून ठेवलेली कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही ठेवावे, म्हणजे कोणाचाच तवा चढवावा लागणार नाही.